वाढत्या देशातल्या आटत्या काउंट्या

२०१० ते २०२० या दहा वर्षांत अमेरिकेची लोकसंख्या ३०.८७ कोटींवरून ३३.१४ कोटींवर गेली. सव्वादोन कोटींहून अधिक माणसं वाढली. याच दहा वर्षांत तिथल्या निम्म्याहून अधिक काउंट्यांमधली माणसं मात्र कमी झाली. दोन्ही आकडे एकाच जनगणनेतले आहेत. टेक्सासमध्ये तर हा विरोधाभास टोकाला जातो. त्या राज्याने दशकभरात जवळजवळ ४० लाख माणसं मिळवली, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त; आणि तरीही त्याच्या २५४ काउंट्यांपैकी निम्म्याहून अधिक काउंट्या आधीपेक्षा लहान झाल्या. राज्यांचे आकडे पाहून अमेरिका कळत नाही ती यामुळेच. दशकभरात लोकसंख्या घटलेली राज्यं फक्त तीन होती: वेस्ट व्हर्जिनिया, मिसिसिपी आणि इलिनॉय. राज्याच्या पातळीवर सगळं आलबेल दिसतं. खाली उतरून काउंटी पाहिली की चित्र पालटतं.

काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय घटक. आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाणारा, पण आकाराने कमालीचा विषम. देशभरात अशा सुमारे ३,१४० काउंट्या आहेत. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. डेलावेअरमध्ये त्या जेमतेम तीन आहेत. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस काउंटीत २०२० साली १ कोटी माणसं होती. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत ६४. ही लव्हिंग काउंटी क्षेत्रफळाने गोव्याच्या निम्म्याहून थोडीच लहान आहे. आकार काहीही असो, काउंटीकडे बहुधा शेरीफ असतो, न्यायालय असतं, जमिनीची दप्तरं असतात, निवडणुका घ्यायच्या असतात, रस्ते राखायचे असतात, आणि या सगळ्याचा खर्च मोठ्या प्रमाणात मालमत्ता करातून काढायचा असतो. माणसं निम्मी झाली म्हणून रस्त्यांची लांबी निम्मी होत नाही. घटत्या काउंटीचं रोजचं दुखणं हे असतं.

कुठल्याही काउंटीची लोकसंख्या चारच गोष्टींनी हलते. किती जन्मले, किती मेले, देशातल्या देशात किती आले-गेले आणि परदेशातून किती आले-गेले. अमेरिकेचा जनगणना विभाग दर १ जुलैच्या स्थितीचा अंदाज याच चार खात्यांतून बांधतो. जन्म-मृत्यूच्या नोंदी त्याच्याकडे येतातच. देशांतर्गत स्थलांतर तो मुख्यतः प्राप्तिकराच्या विवरणपत्रांवरून काढतो: गेल्या वर्षी या माणसाचा पत्ता ओहायोतला होता, यंदा टेक्सासमधला आहे. म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदी वापरल्या जातात. शेवटी एक आकडा हाती येतो, आणि वर्तमानपत्रात तेवढाच छापला जातो. माझं म्हणणं असं की, तो आकडा कुठल्या खात्यांतून तयार झाला हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थच नसतो. सारखीच वाढ किंवा घट दाखवणाऱ्या दोन काउंट्यांचं भवितव्य एकदम उलट्या दिशांना असू शकतं.

घटीपासून सुरुवात करू, आणि तीही कॅन्ससच्या उत्तर सीमेवरच्या ज्युएल काउंटीपासून. १९०० साली इथे १९,४२० माणसं राहत होती. २०२० साली २,९३२. शंभरातली पंच्याऐंशी माणसं गेली. इथे युद्ध झालं नाही, रोगाची साथ आली नाही, एखादा मोठा कारखाना एका रात्रीत बंद पडला असंही नाही. कारण शोधायला १८६२ सालच्या एका कायद्यापर्यंत मागे जावं लागतं. लिंकनच्या सहीने झालेल्या होमस्टेड कायद्याने, जो कुणी सरकारी जमिनीवर घर बांधून पाच वर्षं ती कसेल त्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागली. त्या भागातली जमीन आधीच चौरस मैलांच्या चौकटींत मोजून ठेवलेली होती. एका चौरस मैलाचे एकर ६४०. म्हणजे चौरस मैलात चार कुटुंबं. ज्युएल काउंटीचं क्षेत्रफळ ९०० चौरस मैलांहून थोडं जास्त. साडेतीन हजारांच्या वर कुटुंबं झाली. घरटी पाच माणसं धरा: अठरा हजार. सगळीच जमीन या कायद्याखाली वाटली गेली नव्हती, पण या ढोबळ गुणाकाराचं उत्तर १९०० सालच्या प्रत्यक्ष शिरगणतीच्या किती जवळ जातं पाहा. त्या काउंटीत किती माणसं राहणार हे एका अर्थी जमीनवाटपाच्या मापाने ठरवलं होतं.

आणि तेच माप चुकीचं होतं. पूर्वेकडच्या भरपूर पावसाच्या मुलखात १६० एकर म्हणजे सुखवस्तू शेतकरी. कॅन्ससमध्ये पश्चिमेकडे सरकावं तसा पाऊस कमी होत जातो, आणि तेवढ्या जमिनीवर दोन वाईट वर्षं निभावणं कठीण होतं. दुष्काळात कर्ज झालं की शेजाऱ्याला जमीन विकून माणसं निघून जात. मग ट्रॅक्टर आला, कंबाइन हार्वेस्टर आलं. जी जमीन कसायला घोडे आणि पाच मुलं लागत, ती एकटा माणूस कसू लागला. आज तिथे गहू, मका, सोयाबीन पिकवून संसार करायचा तर हजार, दोन हजार एकर लागतात. आता तोच गुणाकार पुन्हा करा. चौरस मैलात चार कुटुंबं होती, तिथे दोन-तीन चौरस मैलांत एक उरतं. त्याच्यामागे दुकानदार जातो, लोहार जातो, रेल्वेच्या फाट्यावरचं धान्याचं कोठार तेवढं राहतं. शेती बुडालेली नाही. धान्य आधीपेक्षा जास्त पिकतं. माणसं मात्र लागत नाहीत.

गेलेल्या माणसांच्या संख्येपेक्षा त्यांचं वय मला अधिक महत्त्वाचं वाटतं. गाव सोडून सगळे सारख्या प्रमाणात जात नाहीत. अठराव्या वर्षी शाळा संपते, कॉलेजला किंवा नोकरीला मुलं बाहेर पडतात आणि तिथेच संसार थाटतात. आईबाप मागे राहतात. पहिली वीसेक वर्षं काउंटीचा आकडा फारसा पडत नाही, कारण मागे राहिलेले आईबाप अजून पन्नाशीत असतात, जिवंत असतात. पण जी मुलं गेली त्यांच्या पोटची मुलं या काउंटीत जन्मत नाहीत. मग आईबाप ऐंशीला पोचतात, आणि मृत्यू जन्मांच्या पुढे जातात. याला नैसर्गिक घट म्हणतात. ती सुरू झाली की उद्यापासून एकही माणूस गाव सोडून गेला नाही तरी लोकसंख्या घटतच राहते, कारण मुलं व्हायच्या वयाची माणसंच उरलेली नसतात. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले लोकसंख्या-अभ्यासक केनेथ जॉन्सन अनेक वर्षं याच विषयावर लिहीत आले आहेत. २०१९ मध्ये देशातल्या साधारण ४५ टक्के काउंट्यांमध्ये मृत्यू जन्मांपेक्षा जास्त होते. कोविडच्या तडाख्यानंतर, जुलै २०२० ते जुलै २०२१ या वर्षात, हे प्रमाण ७३ टक्क्यांवर गेलं.

कोकणातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या दीड कोटीने वाढली आणि तीन जिल्ह्यांची घटली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. पहिल्या दोन जिल्ह्यांतली घट ज्युएलच्या जातीची, तरुण बाहेर गेल्याची. मुंबई शहराची घट निराळी. तिथे घरं जाऊन कचेऱ्या आल्या, भाडी परवडेनाशी झाली आणि माणसं उपनगरांत, ठाण्या-रायगडात सरकली. काम शहरातच राहिलं. अमेरिकेतही घटीच्या या दोन जाती आहेतच. मिसुरीतलं सेंट लुइस हे शहर १८७६ मध्ये भोवतालच्या काउंटीपासून कायद्याने वेगळं झालं, त्यामुळे त्याची हद्द तेव्हाच गोठली. १९५० साली तिथे साडेआठ लाखांवर माणसं होती, २०२० मध्ये तीन लाख. कारखाने बंद पडले हे खरं. पण जाणाऱ्यांपैकी पुष्कळ जण, आणि त्यांत गोरे कुटुंबवत्सल लोक अधिक, हद्दीच्या पलीकडच्या काउंटीत गेले. मागे उरला तो गरीब, मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीय वस्तीचा आणि आटलेल्या करांचा भाग.

घटीची तिसरी जात मला सगळ्यांत क्लेशकारक वाटते. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला डोंगराळ मॅकडॉवेल काउंटी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशातल्या उत्तम प्रतींपैकी एक असा कोळसा इथून निघायचा. पोलादाच्या भट्ट्यांना तो हवा असायचा. त्या कामासाठी दक्षिणेतून कृष्णवर्णीय मजूर आले, इटलीतून, हंगेरीतून माणसं आली, आणि अरुंद दऱ्यांमधून कंपन्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९५० साली काउंटीत ९८,८८७ माणसं होती. त्याच वर्षी खाणकामगारांचे पुढारी जॉन लुइस यांनी खाणमालकांशी मोठा करार केला. कामगारांच्या आरोग्य आणि निवृत्ती निधीची व्यवस्था पक्की झाली; बदल्यात खाणींतल्या यंत्रांना संघटनेने विरोध करायचा नाही असं ठरलं. फावड्याने कोळसा भरणाऱ्या माणसाची जागा सलग कोळसा कापत जाणाऱ्या यंत्राने घेतली. लुइस यांचा हिशेब असा होता की, थोड्या कामगारांना का होईना, चांगला पगार आणि दवाखाना मिळावा. त्यांना दोष देणं मला जमत नाही. छाती कोळशाच्या धुळीने भरून मरणाऱ्या माणसांसाठी ते मागत होते. पण उरलेल्यांनी ओहायो आणि मिशिगनचा रस्ता धरला. १९६१ मध्ये केनेडी सरकारने गरिबांना धान्यासाठी कुपनं द्यायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा पहिली कुपनं मॅकडॉवेलमधल्या एका कुटुंबाच्या हाती पडली. ऐंशीच्या दशकात पोलाद उद्योग कोसळला, उरलेल्या खाणी बंद झाल्या. २०२० मध्ये १९,१११ माणसं उरली. पाचांतली चार गेली. इथे तरुणांचं जाणं तर आहेच, शिवाय जे राहिले त्यांच्यातही वेदनाशामक औषधांच्या व्यसनाने आणि नशेच्या अतिमात्रेने अकाली मरणाऱ्यांचं प्रमाण भयंकर आहे.

२०१० ते २०२० या दशकात टक्केवारीने सगळ्यांत जास्त आटली ती इलिनॉयच्या दक्षिण टोकाची अलेक्झांडर काउंटी. दहा वर्षांत ८,२३८ वरून ५,२४०. तिचं मुख्य गाव केरो. ओहायो आणि मिसिसिपी या दोन महानद्यांच्या संगमावरचं. नकाशा पाहिला तर इथे शिकागोसारखं शहर व्हायला हवं होतं असं वाटतं, आणि एकोणिसाव्या शतकात तसं मानणारे पुष्कळ होते. यादवी युद्धात जनरल ग्रँटचा तळ इथे होता. १९२० साली गावात पंधरा हजारांवर वस्ती होती. पुढे रेल्वेने आणि नंतर महामार्गांनी नदीवरची वाहतूक मागे टाकली. १९६०च्या दशकाच्या शेवटी कृष्णवर्णीयांनी समान हक्क मागितले तेव्हा गोऱ्या दुकानदारांनी त्यांना नोकऱ्या देण्यापेक्षा दुकानं बंद केली. १९८६ मध्ये रुग्णालय गेलं. आणि २०१७ मध्ये सरकारने इथल्या सार्वजनिक घरांच्या दोन मोठ्या वसाहती राहण्यायोग्य नाहीत म्हणून रिकाम्या करायचं जाहीर केलं. त्या घरांची वर्षानुवर्षं डागडुजी झाली नव्हती. शेकडो माणसांना, त्यांत पुष्कळ लहान मुलं, गावात दुसरं घरच नव्हतं. त्यांना काउंटी सोडावी लागली. अलेक्झांडरच्या घटीत बाजारपेठेइतकाच माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा हात आहे. ‘लोक गाव सोडून गेले’ हे वाक्य अशा ठिकाणी अपुरं पडतं. काहींना जायला लावलं गेलं.

आता वाढीकडे वळू. ज्युएलच्याच राज्यात, नैर्ऋत्येला, फिनी काउंटी आहे. तीच सपाटी, त्याहून कमी पाऊस. १९८० साली लोकसंख्या २३,८२५. २०२० साली ३८,४७०. फरक पडला तो जमिनीखालच्या पाण्याने आणि गुरांनी. ओगालाला नावाचा प्रचंड भूजलसाठा या भागाखाली आहे. पंपाने ते पाणी उपसून मका पिकवायचा, मक्यावर गुरं पोसायची, हे आधीपासून चाललं होतं. मग १९८० मध्ये आयबीपी या कंपनीने फिनीतल्या होलकम्बजवळ गोमांस प्रक्रियेचा अवाढव्य कारखाना सुरू केला. गुरं रेल्वेने शिकागोला न्यायची जुनी रीत सोडून कारखानाच गुरांपाशी आणला. सुरी चालवण्याचं हे काम कष्टाचं आणि धोक्याचं. हजारो हात हवे होते आणि गावात तेवढे नव्हते. आधी व्हिएतनाममधले निर्वासित आले, मग मेक्सिकोतून आणि टेक्सासच्या सीमेवरून माणसं आली, पुढे सोमालिया आणि म्यानमारमधली. आज फिनीतल्या गार्डन सिटी या मुख्य शहरात निम्म्याच्या आसपास वस्ती लॅटिन अमेरिकी वंशाची आहे. आलेली माणसं तरुण होती, म्हणून शाळा भरल्या. परदेशातून आलेल्यांच्या खात्यातला आकडा काही वर्षांनी जन्मांच्या खात्यात उमटला. कॅन्ससमधल्या अनेक काउंट्यांना हेवा वाटावा अशी ही गोष्ट आहे, पण पाया पाण्याचा आहे आणि ते पाणी पावसाने भरून निघतं त्यापेक्षा कितीतरी वेगाने उपसलं जातंय.

फ्लोरिडातल्या सम्टर काउंटीची वाढ याच्या बरोबर उलट. २०१० मध्ये ९३,४२०, २०२० मध्ये १,२९,७५२. जवळजवळ ३९ टक्के वाढ. इथे ‘द व्हिलेजेस’ नावाची निवृत्तांची विशाल वसाहत आहे. घरात किमान एक जण पंचावन्नच्या पुढचा हवा, आणि लहान मुलांना कायम राहायची परवानगी नाही. गाड्यांऐवजी गोल्फ कार्टमधून फिरणारे आजी-आजोबा, शेकडो मंडळं, रोज संध्याकाळी चौकात गाणी. काउंटीतली निम्म्याहून अधिक माणसं पासष्टीच्या पुढची. साहजिकच इथे मृत्यू जन्मांपेक्षा किती तरी जास्त. नैसर्गिक घटीच्या बाबतीत ही काउंटी ज्युएलच्याच पंगतीत बसते, आणि तरी देशातल्या सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या भागांपैकी एक आहे. ओहायोतून, मिशिगनमधून, न्यूयॉर्कमधून दरवर्षी नवे निवृत्त येत राहतात तोवर हे चालेल. ते येताना पेन्शन घेऊन येतात, त्यामुळे दवाखाने, बांधकाम, हॉटेलं यांना काम मिळतं. हे काम करणाऱ्या तरुण कुटुंबांना मात्र परवडणारं घर मिळणं अवघड असतं.

नॉर्थ डकोटातल्या मॅकेन्झी काउंटीने त्याच २०१०-२० च्या दशकात वाढीचा उच्चांक केला: ६,३६० वरून १४,७०४, म्हणजे १३१ टक्के. ही तेलाची वाढ. बाकेन नावाच्या खडकाच्या थरात तेल आहे हे पूर्वीपासून माहीत होतं. आडवं भोक पाडून उच्च दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडक फोडायचं तंत्र जमलं, आणि २००८च्या सुमारास झुंबड उडाली. देशभर मंदी होती, त्यामुळे बेरोजगार माणसं गाडी घेऊन थेट इथे आली. घरं नव्हती, लोक गाड्यांमध्ये, पत्र्याच्या खोल्यांमध्ये, पुरुषांच्या छावण्यांमध्ये राहिले. २०१४च्या अखेरीस तेलाचे भाव कोसळले तेव्हा बरेच परत गेले. राहिले त्यांनी बायकामुलं आणली. मॅकेन्झीची २०१०ची लोकसंख्या १९३० सालच्यापेक्षा कमी होती. म्हणजे ही काउंटी आधी ज्युएलच्या वाटेने गेली आणि मग मागे वळली. असं भाग्य सपाटीवरच्या फार थोड्या काउंट्यांना मिळतं, कारण प्रत्येकीच्या जमिनीखाली तेल नसतं.

मराठी माणसाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो चौथ्या प्रकारच्या वाढीशी, मोठ्या शहरांच्या बाहेरच्या कडेला असलेल्या काउंट्यांशी. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेची कॉलिन, वॉशिंग्टनजवळची लाउडन, अटलांटाच्या उत्तरेची फोरसाइथ. गेल्या पंचवीस वर्षांत भारतीय, आणि त्यांत मराठी, कुटुंबं इथे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. फोरसाइथची लोकसंख्या १९९० मध्ये ४४ हजार होती, २०२० मध्ये अडीच लाख. त्यांतले साधारण १८ टक्के आशियाई. २००० साली ते एक टक्काही नव्हते. महामार्ग जवळ, माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या अर्ध्या तासावर, सरकारी शाळा नामांकित, घरं नवी. या काउंटीचा एक इतिहास तिथल्या प्रत्येक नव्या रहिवाशाने जाणून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. १९१० मध्ये इथे १,०९८ कृष्णवर्णीय राहत होते. १९१२ मध्ये गोऱ्या टोळ्यांनी धमक्या देऊन, घरं आणि चर्च जाळून जवळजवळ सगळ्यांना हुसकून लावलं. पुढची पंचाहत्तर वर्षं ही काउंटी व्यवहारात फक्त गोऱ्यांची राहिली. १९८७च्या जानेवारीत नागरी हक्क चळवळीतले नेते होझिया विल्यम्स यांनी तिथे छोटा मोर्चा नेला तर त्यावर दगडफेक झाली. आठवड्याभराने सुमारे वीस हजार लोक मोर्चाला आले. ज्या जमिनीवर आज आपल्या लोकांची घरं उभी आहेत तिथली जुनी शिरगणती अशी बळजबरीने खाली आणलेली आहे.

या कुटुंबांचा प्रवास चार खात्यांत कसा नोंदला जातो तेही पाहण्यासारखं आहे. पुण्याहून आलेलं जोडपं पहिल्यांदा बहुधा न्यू जर्सीच्या मिडलसेक्ससारख्या किंवा कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारासारख्या काउंटीत उतरतं. तिथे त्यांची नोंद परदेशातून आलेले अशी. सहा-आठ वर्षांनी मोठं घर घ्यायला ते फोरसाइथला जातात. आता सांता क्लाराच्या देशांतर्गत खात्यात दोन-तीन माणसं वजा आणि फोरसाइथच्या त्याच खात्यात तेवढीच जमा. म्हणून लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क शहरातली क्वीन्स, शिकागोची कुक यांसारख्या महाकाय काउंट्या देशांतर्गत स्थलांतरात बहुधा तोट्यात दिसतात. ‘लोक ही शहरं सोडून पळतायत’ अशी ओरड होते, पण या काउंट्यांचं कामच पिढ्यान्‌पिढ्या नव्या माणसाला आत घ्यायचं आणि जरा स्थिरावल्यावर पुढे पाठवायचं हे राहिलं आहे. परदेशातून येणं थांबलं की मात्र खरी पोकळी दिसते. कोविडच्या वर्षात तेच झालं: २०२१च्या जुलैला संपलेल्या वर्षात एकट्या लॉस एंजेलिस काउंटीची सुमारे १ लाख ६० हजार माणसं कमी झाली, आणि देशाची वाढ ०.१ टक्क्यावर आली. इतकी कमी ती कधीच नव्हती.

आकडे वाचताना काही सापळे टाळावे लागतात. लव्हिंग काउंटी दशकात २२ टक्के घटली असं ऐकून दचकायला होतं. प्रत्यक्षात ८२ ची ६४ झाली, अठरा माणसं. काही ग्रामीण काउंट्या एका वर्षात भरभरून वाढलेल्या दिसतात आणि कारण नव्याने बांधलेला तुरुंग असतं, कारण कैदी जिथे डांबलाय तिथलाच रहिवासी मोजला जातो. तो मत देत नाही, दुकानात जात नाही, पण शिरगणतीत असतो. दुसऱ्या टोकाला नेब्रास्कातलं मोनोवाय हे खेडं. २०१० मध्ये तिथे एकच बाई राहत होती. महापौरही तीच, ग्रंथपालही तीच. २०२०च्या जनगणनेत वस्ती दोन दाखवली. दुसरं कुणी आलं नव्हतं. व्यक्तीची माहिती उघड होऊ नये म्हणून जनगणना विभागाने छोट्या भागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार केला होता. राज्यांचे एकूण आकडे मात्र जसेच्या तसे ठेवले. आणि काही माणसं मोजलीच जात नाहीत. आदिवासी राखीव क्षेत्रांत राहणाऱ्या मूळनिवासींची मोजणी २०२० मध्ये साडेपाच टक्क्यांहून अधिक कमी झाली, हे विभागाच्याच तपासणीत निघालं.

याहून मोठा सापळा व्याख्येचा आहे. ‘ग्रामीण अमेरिका आटतेय’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. पण एखादी ग्रामीण काउंटी भरभराटली, तिथले पुष्कळ लोक जवळच्या शहरात कामाला जाऊ लागले, की सरकार तिला महानगरीय काउंट्यांच्या यादीत टाकतं. म्हणजे जी वाढली ती ग्रामीण राहतच नाही, आणि ग्रामीण म्हणून उरतात त्या मुख्यतः न वाढलेल्या. फोरसाइथ ही एके काळची शेतीप्रधान काउंटी आज अटलांटा महानगराचा भाग म्हणून मोजली जाते. ग्रामीण भागाच्या दुःखाची खरी खोली मोजायची तर काउंट्यांची यादी एका ठरावीक वर्षाला गोठवून मग तुलना करावी लागते.

एवढी चिकित्सा करायची कारण या आकड्यांवर पैसा आणि सत्ता वाटली जाते. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा दर दहा वर्षांनी लोकसंख्येप्रमाणे राज्यांत वाटल्या जातात. २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्याची एक जागा गेली. आणखी ८९ माणसं मोजली गेली असती आणि बाकी सगळं तसंच राहिलं असतं, तर ती वाचली असती. वेस्ट व्हर्जिनियाच्या तीन जागांच्या दोन झाल्या. काउंटीच्या पातळीवर शाळा आणि दवाखाने यांना झळ लागते. वर्गात मुलं नाहीत म्हणून शेजारच्या शाळा एकत्र होतात आणि मुलं पाऊण-एक तास बसने जातात. अकरा जणांचा फुटबॉल संघ उभा राहत नाही म्हणून कॅन्सस-नेब्रास्काच्या शाळा आठ किंवा सहा खेळाडूंचा फुटबॉल खेळतात. सहा जणांचा खेळ १९३४ मध्ये नेब्रास्कातल्या हेब्रनमध्ये स्टीफन एपलर या शिक्षकाने बसवला, ज्युएलपासून फार लांब नाही. म्हणजे मुलं कमी पडण्याची ही चिंता नव्वद वर्षं जुनी आहे.

१९८७ मध्ये न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातल्या फ्रँक आणि डेबोरा पॉपर या पतीपत्नींनी एक लेख लिहून सुचवलं की, सपाटीवरचा सगळ्यांत कोरडा भाग पुन्हा गवताला आणि गव्यांना सोपवावा, कारण तिथली वस्ती टिकणारच नाही. सपाटीवरचे लोक संतापले, आणि मला त्यांचा संताप समजतो: आपल्या आजोबांनी फोडलेल्या जमिनीबद्दल न्यू जर्सीत बसून कुणी असं लिहावं! पण पॉपर यांचे आकडे बरोबर होते. अनेक काउंट्या त्यानंतरही घटतच गेल्या. चुकला तो निष्कर्ष. १९०० सालचे १९,४२० हा ज्युएलचा स्वाभाविक आकडा होता आणि २,९३२ म्हणजे तिचा मृत्यू, असं दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं. मला १९०० चा आकडाच अस्वाभाविक वाटतो. चुकीच्या मापाच्या कायद्याने तो फुगवला होता. मॅकडॉवेलचे ९८,८८७ देखील हातात फावडं होतं तोवरचेच होते. त्या शिखरांवर परत जायचा आग्रह सोडला तर विचारायचा प्रश्न बदलतो. तीन हजार माणसांची काउंटी तीन हजारांवर नीट जगू शकते का? जन्म आणि मृत्यू जवळपास बरोबरीला येतील इतपत तरुण तिथे राहतील का?

कॅन्सस राज्याने २०११ मध्ये याच प्रश्नाला हात घातला. घटत्या ५० काउंट्या निवडून त्याने योजना आणली: बाहेरून येऊन इथे राहणाऱ्या पदवीधराच्या शैक्षणिक कर्जापैकी पाच वर्षांत १५,००० डॉलरपर्यंत फेडू, आणि राज्याबाहेरून येणाऱ्याला काही वर्षं राज्याचा प्राप्तिकर माफ. पुढे योजनेचा विस्तार होत होत ती १०५ पैकी बहुतेक काउंट्यांना लागू झाली. रक्कम मोठी नाही. पण नेम बरोबर वयावर धरला आहे, कर्ज डोक्यावर असलेल्या पंचविशीच्या माणसावर. कोविडनंतर घरून काम करणारे काही जण शहरं सोडून ग्रामीण काउंट्यांत आले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी बाहेरून येणाऱ्यांचं खातं कैक वर्षांनी जमेत गेलं, जन्म-मृत्यूचं मात्र वजाबाकीतच राहिलं. पाच वर्षांचं कर्ज फिटल्यावर असं जोडपं राहतं की जातं, हे त्या योजनेबाहेरच्या गोष्टी ठरवतात: दोघांनाही काम आहे का, मूल सांभाळायला कुणी आहे का, आणि बाळंतपणाची सोय असलेलं रुग्णालय किती मैलांवर आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागातले प्रसूतिकक्ष तर पुरेसे जन्म होत नाहीत म्हणून एकामागून एक बंद होतायत.